बंद झालेल्या दुर्बिणींचा भाव

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांत काचेच्या कपाटाचा एक कप्पा वापरलेल्या दुर्बिणींचा असतो. डेन्व्हरची रेडफील्ड, एल पासोची वीव्हर, ऑरेगनची जुनी ल्यूपोल्ड, मधेच एखादी झाइस किंवा निकॉन. प्रत्येकीच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी. हा आकडा कसा काढला असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘ही आता बनत नाही.’ गंमत अशी, की चढ्या भावालाही हेच कारण दिलं जातं आणि पडेल भावालाही. बनत नाही म्हणून दुर्मिळ, आणि बनत नाही म्हणून मोडीत.

लांब पल्ल्याच्या शिकारीला वापरलेल्या आणि आता उत्पादन थांबलेल्या रायफल-दुर्बिणींची किंमत कशी लावायची, त्यांच्या लौकिकात खरं किती आणि ऐकीव किती, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. या बाजारात काचेचं कौतुक वाजवीपेक्षा जास्त होतं आणि काचेमागच्या स्प्रिंगांची, स्क्रूंची चौकशी फार थोडे लोक करतात. भाव मात्र तिथेच ठरायला हवा.

मराठी वाचकाला हा विषय थोडा परका वाटणार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार आपल्याकडे जुन्या पुस्तकांत उरली. रायफल म्हटलं की आपल्याला आठवतात त्या अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, नाहीतर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे. पण त्यांच्या रायफलींवर दुर्बीण नसते. त्या खेळाच्या नियमांत ती बसतच नाही. मागच्या छोट्या भोकातून पुढच्या गोलाकडे पाहून ते नेम धरतात. दुर्बिणींचा हा बाजार तिकडचा, अमेरिकेतला. पण कोलोरॅडो-मोंटानाकडे स्थिरावलेल्या मराठी माणसाला मोसम आला की ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात, आणि कधीतरी एखादा सहकारी त्यालाही बरोबर नेतो. पहिली रायफल घेतली की दुसऱ्याच दिवशी प्रश्न पडतो: वर कोणती दुर्बीण लावू? नवी परवडत नाही, मग जुनी पाहूया.

आधी ‘लांब पल्ला’ म्हणजे किती, ते पाहू. कारण हा शब्दच मधल्या काळात सरकला आहे. १९५०-६० च्या सुमारास तीनशे यार्ड म्हणजे लांब. तेव्हाचा शिकारी चौपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण लावायचा, दोनशे यार्डांवर झीरो करायचा, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमकी फुलीवर लागेल अशी ती बसवायचा, आणि विसरून जायचा. हरीण दूर असेल तर फुली पाठीच्या जरा वर धरायची, बस्स. पुढे १९९० च्या दशकात खिशात मावणारे लेसर अंतरमापक स्वस्त झाले. मग अंतर टाकताच गोळी किती खाली पडेल ते सांगणारी फोनमधली गणितं आली. .३०८ विंचेस्टरची नेहमीची गोळी शंभर यार्डांवर झीरो केली, तर पाचशे यार्डांवर ती सुमारे दीड मीटर खाली जाते. इतकी पडझड डोळ्याच्या अंदाजाने भरून काढता येत नाही. म्हणून शिकारी दुर्बिणीचा टरेट, म्हणजे वरची नेम उचलण्याची गुंडी, प्रत्येक नेमाला फिरवू लागला आणि नेम झाला की परत मूळ जागी आणू लागला. एकदा बसवून विसरायची वस्तू रोज हाताळायची झाली. जुन्या दुर्बिणींबद्दलचे निम्मे वाद या एका फरकातून निघतात. ज्या दुर्बिणीला वीस वर्षं कोणी हात लावला नाही, तिची ‘कधीच हलली नाही’ ही ख्याती खरी असते. पण ती फिरवली तर बरोबर फिरते का, या प्रश्नाचं उत्तर त्या ख्यातीत नसतं.

या सगळ्यांत सर्वांत गाजलेलं नाव रेडफील्डचं. जॉन हिल रेडफील्ड यांनी १९०९ मध्ये डेन्व्हरला सुरू केलेली ही कंपनी. तिची ३-९ पटीची ‘अ‍ॅक्यू-रेंज’ दुर्बीण १९६६ मध्ये अमेरिकन मरीन सैनिकांच्या एम४० रायफलीवर बसली आणि व्हिएतनामला गेली. तिची युक्ती फार हुशारीची होती. आत दोन आडव्या रेषा असत. हरणाच्या पाठीपासून छातीच्या तळापर्यंतचं अंतर साधारण अठरा इंच धरलेलं. त्या दोन रेषांत हरीण नेमकं बसेपर्यंत पट वाढवत जायची, की खाली एका छोट्या पट्टीवर अंतराचा आकडा दिसायचा. लेसर नसलेल्या काळात ही जादूच. पण ती पट्टी प्लास्टिकची होती. दुर्बिणीचं तोंड उन्हाकडे राहिलं की भिंगातून एकवटलेल्या उष्णतेने ती वाकायची, वितळायची. आज बाजारात येणाऱ्या अ‍ॅक्यू-रेंजच्या आत पाहिलंत तर हा आकड्यांचा कोपरा आधी तपासा. तो वेडावाकडा असेल तर जिच्यासाठी ही दुर्बीण प्रसिद्ध आहे ती गोष्टच गेली. शिवाय सगळीच हरणं अठरा इंचांची नसतात. कोलोरॅडोचा एल्क त्याहून बराच खोल छातीचा असतो, टेक्सासचं हरीण त्याहून लहान भरतं. अंतर चुकलं की बाकी सगळं चुकलं.

तरी अ‍ॅक्यू-रेंजला भाव आहे, आणि तो वाढतोय. व्हिएतनाममधल्या एम४० ची हुबेहूब प्रत जुळवणारे संग्राहक तो देतात. त्यांना गोळी कुठे लागते याच्याशी कर्तव्य नसतं. हिरवट झाक असलेला मूळ रंग, योग्य काळातला क्रमांक, मूळ माउंट हे त्यांना हवं असतं. त्या भावाला शिकाऱ्याने भुलू नये.

संग्राहकाच्या बाजारातलं याहून उंच नाव म्हणजे अनर्टल. जर्मनीतून आलेल्या जॉन अनर्टल यांनी पिट्सबर्गला काढलेली ही कंपनी. तिची आठपट दुर्बीण दुसऱ्या महायुद्धात मरीन नेमबाजांच्या स्प्रिंगफील्ड रायफलीवर होती. व्हिएतनामात मरीन नेमबाज कार्लोस हॅथकॉक यांच्या हातीही तीच होती. १९६७ मध्ये त्यांनी अडीच हजार यार्डांवरून घेतलेला बळी एका मशीनगनवर अनर्टल बसवून घेतला होता, ही हकीकत नेमबाजांच्या जगात सगळ्यांना पाठ असते. त्या एका नावाने अनर्टलचा भाव किती चढला याचा हिशेब लावणं अवघड. पण दुर्बिणीबरोबर त्या माणसाचंही मोल आपण चुकतं करत असतो, हे खरं. दुर्बीण म्हणून पाहिलं तर ती लांबलचक नळी, नेम बदलायची सोय नळीत नसून बाहेरच्या माउंटमध्ये, आणि गोळी सुटल्यावर नळी पुढे सरकते ती हाताने मागे ओढायची. डोंगरावर थंडीत हातमोजे घालून हे करून पाहा म्हणजे कळेल. पुढची दहापट अनर्टल, जी मरीनच्या एम४०ए१ साठी बनली, ती पोलादी नळीची, सुमारे किलोभर वजनाची. मिल-डॉट ही ठिपक्यांची फुली तिच्याबरोबरच रूढ झाली. यंत्र म्हणून ती फार मजबूत होती. पण कंपनी बंद आहे, आणि या दुर्बिणीवर काम करणारा कारागीर शोधायला आता बरीच फोनाफोनी करावी लागते. मरीनची खूण असलेली अनर्टल खऱ्या कागदपत्रांसह मिळाली तर ठेवण्यासारखी. शिकारीला नेण्यासारखी नाही. आणि खुणा खोट्या कोरलेल्याही असतात, हे विसरू नका.

वीव्हरची गोष्ट जरा वेगळी आहे. बिल वीव्हर यांनी १९३० मध्ये केंटकीत सुरुवात केली, मग टेक्सासच्या एल पासोला कारखाना नेला. सामान्य शिकाऱ्याला परवडेल अशी दुर्बीण त्यांनी पहिल्यांदा बनवली. त्यांची के-४ म्हणजे पोलादी नळी, चारपट मोठं चित्र, कमालीची टिकाऊ. अमेरिकेत आजोबांच्या रायफलीवर ती सापडते तशीच आपल्याकडे आजोबांच्या कपाटात एचएमटीचं घड्याळ सापडतं. चालतं, आणि मोडीत काढायला मन होत नाही. पण सुरुवातीच्या वीव्हरमध्ये नेम डावी-उजवीकडे हलवला की फुलीही चित्रात एका बाजूला सरकायची. कडेला गेलेल्या फुलीतून नेम धरताना डोळा गोंधळतो. फुली कायम मध्ये ठेवणाऱ्या दुर्बिणी नंतर आल्या. एल पासोचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला. तिथली के-४ अजून शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळते आणि दोनशे यार्डांच्या आतल्या शिकारीला ती अजून पुरते. तिला लांब पल्ल्याची म्हणणं मात्र धाडसाचं.

वीव्हर आणि रेडफील्ड यांच्यामुळे एक फसवी गोष्ट कळते, आणि ती भाव लावताना सर्वांत जास्त उपयोगी पडते: कारखाना मरतो, नाव जगतं. रेडफील्डचा डेन्व्हरचा कारखाना १९९८ मध्ये बंद पडला. त्या कारखान्यातल्या रसायनांनी आसपासच्या वस्तीचं भूजल नासवलं होतं. त्याचा निस्तार पुढे बरीच वर्षं चालला. नाव मात्र विकलं गेलं. २००२ मध्ये दुर्बिणी बनवणाऱ्या मीड या कंपनीने वीव्हर, रेडफील्ड आणि सिमन्स ही तिन्ही नावं घेतली आणि २००८ मध्ये तीन वेगवेगळ्या कंपन्यांना विकून टाकली. रेडफील्ड हे नाव ल्यूपोल्डकडे गेलं, तिने त्या नावाने काही वर्षं परवडणाऱ्या दुर्बिणी काढल्या, मग तेही थांबलं. म्हणजे ‘रेडफील्ड, उत्पादन बंद’ अशी चिठ्ठी पाहिली तर प्रश्न विचारायचा: कोणती? डेन्व्हरची, मधल्या काळातली, की ऑरेगनची? या तिघींत नळीवरच्या अक्षरांशिवाय फारसं काही समान नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं या मधल्या काळातल्या बऱ्याच मालाबद्दल म्हणता येतं. दुकानदार सगळा लौकिक डेन्व्हरचा सांगतो आणि माल दुसऱ्याच काळातला देतो. खोटं बोलतो असंही नाही, त्यालाच माहीत नसतं.

आता काच. दुर्बीण हातात आली की प्रत्येक जण आधी खिडकीबाहेर पाहतो आणि म्हणतो, ‘वा, काय स्वच्छ दिसतंय!’ दुपारच्या उजेडात दुकानाच्या खिडकीतून जवळपास कोणतीही दुर्बीण स्वच्छ दिसते. खरी गोष्ट लेपाची आहे. काचेच्या उघड्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर लेप नसलेल्या जुन्या दुर्बिणीतून जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. एकपदरी लेप दिला की तो पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे जातो, बहुपदरी लेपाने पंच्याण्णवच्या आसपास. हिशेब नीट पाहा: बिनलेपाची ते एकपदरी ही उडी प्रचंड, एकपदरी ते बहुपदरी ही चांगली, आणि त्यापुढची प्रत्येक उडी टक्का-दोन टक्क्यांची. म्हणजे १९५० ची दुर्बीण आणि १९८५ ची दुर्बीण यांत संध्याकाळी जमीन-अस्मानाचा फरक. पण २००५ ची चांगली दुर्बीण आणि आजची यांतला फरक डोळ्याला कळायलाही कष्ट पडतात. जाहिरातीत मात्र सगळा पैसा या शेवटच्या दोन टक्क्यांवर खर्च होतो. म्हणूनच २००० ते २०१५ या काळातल्या, आता बंद झालेल्या दुर्बिणींत सर्वांत जास्त फायदा दडला आहे असं मला वाटतं. काच आजच्याइतकीच, भाव निम्मा.

ही काचेची बाजू. यंत्राची बाजू कागदाशिवाय कळत नाही. ती कशी तपासायची ते सविस्तर सांगतो, कारण जुन्या दुर्बिणीची किंमत लावायची याहून खात्रीची रीत नाही. शंभर यार्डांवर उंच पुठ्ठा उभा करायचा, त्यावर ओळंबा लावून सरळ उभी रेषा मारायची आणि खालच्या टोकाला एक ठिपका काढायचा. दुर्बीण कशात तरी घट्ट पकडून बसवायची, फुली ठिपक्यावर आणायची. मग टरेट तीस एमओए (हे कोनाचं एक माप) वर फिरवायचा. एक एमओए शंभर यार्डांवर १.०४७ इंच, म्हणजे फुली ३१.४ इंच, जवळपास ८० सेंटीमीटर सरकायला हवी, तीही रेषेवरून, तिरकी न जाता. मग टरेट उलटा फिरवून शून्यावर आणायचा. फुली पुन्हा त्याच ठिपक्यावर आली पाहिजे. हे पाच-सहा वेळा करायचं.

समजा ती ८० ऐवजी ७७ सेंटीमीटर सरकली. तीन सेंटीमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण ही साडेतीन टक्क्यांची तूट. सातशे यार्डांच्या नेमाला वीस एमओए फिरवले तर प्रत्यक्षात मिळतील १९.३, आणि गोळी सुमारे १३ सेंटीमीटर खाली लागेल. हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग मध्यापासून साधारण दहा-बारा सेंटीमीटरचा. म्हणजे नेमबाजाचा हात निश्चल, वारा शून्य, गणित अचूक, तरीही जनावर जखमी होऊन झाडीत पळणार. या दुर्बिणीची काच कितीही सुंदर असली तरी लांब पल्ल्याला तिची किंमत शून्य आहे. आणि हा दोष खिडकीतून पाहून कधीच कळत नाही.

दोष येतो कुठून? दुर्बिणीच्या नळीत आणखी एक छोटी नळी असते, तीत चित्र सुलटं करणारी भिंगं. टरेटचा स्क्रू तिला एका बाजूने ढकलतो आणि समोरून स्प्रिंग तिला रेटून धरते. स्प्रिंग थकली की स्क्रू सोडला तरी नळी पूर्ण परत येत नाही. दोन-तीन गोळ्या झाडल्यावर धक्क्याने ती आपसूक जागेवर येते. शिकारी म्हणतो, ‘पहिली गोळी नेहमी चुकते, नंतर ठीक.’ शिकारीत तर पहिलीच गोळी महत्त्वाची. शिवाय जुन्या कित्येक शिकारी दुर्बिणींत टरेट खाचाखाचांनी फिरवणारे क्लिकच नसायचे, नाण्याने फिरवायची घट्ट चकती असायची. ती एकदा झीरो करायला ठीक, रोज फिरवायला नाही. वय झालेल्या रबरी रिंगा सुकतात, धुकं जमू नये म्हणून आत भरलेला नायट्रोजन निघून जातो, ओल शिरते; पण धुकं जमलेलं निदान दिसतं. थकलेली स्प्रिंग दिसत नाही.

या कसोटीवर ल्यूपोल्ड कुठे बसते? ऑरेगनची ही कंपनी १९०७ मध्ये जमीनमोजणीची उपकरणं बनवत सुरू झाली आणि १९४७ मध्ये ‘प्लेन्समन’ ही पहिली दुर्बीण घेऊन आली. नळीत नायट्रोजन भरून धुकं टाळण्याच्या कामात ती पुढे होती; मध्ये बारीक आणि कडांना जाड अशी तिची ‘ड्युप्लेक्स’ फुली १९६२ मध्ये आली आणि मग सगळ्यांनीच उचलली. १९७० च्या दशकातली ‘व्हेरी-एक्स थ्री’ ही तिची सर्वांत लाडकी मालिका. ३.५-१० पटीची, ४० मिलीमीटर भिंगाची दुर्बीण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. तासन्‌तास डोंगर चढणाऱ्याला हे वजन काय ते कळतं. अनुक्रमांकातल्या अक्षरावरून साल काढता येतं, ही विकत घेणाऱ्याची मोठी सोय. पण तिची खरी किंमत काचेतही नाही आणि यंत्रातही नाही. जुन्या व्हेरी-एक्सची नेम सरकवण्याची अचूकता मी मध्यमच म्हणेन. तिची किंमत आहे हमीत. पावती मागत नाहीत, तुम्ही कितवे मालक ते विचारत नाहीत, तीस वर्षांची दुर्बीण पाठवली तरी दुरुस्त करून देतात. सुटे भाग नसले तर आजची दुर्बीण बदली देतात. शिकाऱ्याला याहून काय हवं? संग्राहकाच्या मात्र पोटात गोळा येतो, कारण त्याला ती जुनीच हवी असते. एक सावधगिरी: ल्यूपोल्डच्या ‘मार्क ४’ च्या नकला बाजारात भरपूर फिरल्या आहेत, आणि नकलेला हमी लागू होत नाही. भाव फारच आकर्षक वाटला तर पैसे देण्याआधी अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घ्या.

यंत्राच्या बाबतीत मला जास्त आदर वाटतो तो जपानमध्ये बनलेल्या, पण अमेरिकन नावाने विकल्या गेलेल्या दुर्बिणींबद्दल. बॉश अँड लॉम्बची ‘एलिट’ मालिका पुढे बुशनेलच्या नावाने ३२००, ४२०० अशी चालली आणि मग बंद झाली. त्यातली ‘३२००’ मालिकेतली दहापट स्थिर दुर्बीण म्हणजे डोळ्यांत न भरणारी पण पक्की वस्तू. पट बदलायची यंत्रणा नाही, म्हणजे बिघडायला तेवढे भाग कमी. क्लिक खणखणीत, आणि फिरवून परत आणलं की जागेवर. टास्कोची ‘सुपर स्नायपर’ याच जातीची. टास्को २००२ मध्ये बुडाली, पण ही दुर्बीण टेक्सासच्या एका विक्रेत्याने उचलून पुढे चालवली. टास्को हे नाव ऐकून लोक नाक मुरडत, म्हणून ती वर्षानुवर्षं स्वस्तात मिळत राहिली. नाव छोटं म्हणून भाव कमी, असं जिथे होतं तिथे जाणत्याने थांबून पाहावं.

याच्या वरची पायरी नाइटफोर्सची ‘एनएक्सएस’. रे डेनिस हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे दंतवैद्य. त्यांच्या या कंपनीचं अमेरिकेतलं घर आयडाहोत, बनावट जपानची. एनएक्सएस मालिकेतल्या बऱ्याच दुर्बिणी आता बनत नाहीत. मजबुतीबद्दल तिची जी ख्याती आहे ती मला बहुतांशी खरी वाटते. पण ५.५-२२ पटीची ५६ मिलीमीटर एनएक्सएस नऊशे ग्रॅमच्या घरात जाते. ट्रकजवळ बसून कोयोट टिपणाऱ्याला हरकत नाही. एल्कमागे दहा हजार फुटांवर चढणाऱ्याने रायफल खांद्यावर घेऊन एकदा विचार करावा.

झाइसची ‘कॉन्क्वेस्ट’, विशेषतः ३-९ पटीची ४० मिलीमीटर, आणि स्वारोव्स्कीची अमेरिकेसाठी काढलेली ‘एव्ही’ मालिका, या दोन्ही काचेच्या बाबतीत आजही कोणाला मान खाली घालायला लावणार नाहीत. कॉन्क्वेस्ट नवी असताना चारशे डॉलरच्या आसपास मिळायची आणि त्या किमतीत तिच्यासारखं काही नव्हतं. तिच्यातली ‘रॅपिड-झी’ फुली लांब पल्ल्यासाठीच होती: खाली अंतरांच्या रेषा, आणि आपल्या गोळीच्या वेगाप्रमाणे पट थोडी कमी-जास्त करून त्या रेषा जुळवायच्या. टरेट फिरवायचा नाही, म्हणून स्प्रिंग थकण्याची भीतीही कमी. एक अट मात्र पाळावी लागते. अशा दुर्बिणींत पट बदलली की रेषांचा अर्थ बदलतो. पूर्ण पटीला जुळलेली रेषा अर्ध्या पटीला दुप्पट पडझड मोजते. गडबडीत पट खाली आणून मग रेषेवर नेम धरणारे महाभाग दर मोसमात भेटतात आणि दोष दुर्बिणीला देतात. कॉन्क्वेस्टच्या निंदेतला काही भाग या महाभागांचा आहे.

निकॉनचं प्रकरण ताजं आहे. एखादं मॉडेल बंद झालं नाही. २०२० च्या तोंडावर अख्ख्या कंपनीने रायफल-दुर्बिणींचा धंदाच सोडला. ‘मोनार्क’, ‘बकमास्टर्स’, ‘प्रोस्टाफ’ या सगळ्या एका झटक्यात जुन्या झाल्या. दुरुस्तीची हमी पाळू असं कंपनीने जाहीर केलं, पण जो धंदा सोडला त्याचे सुटे भाग कोण किती वर्षं ठेवणार? निकॉनची काच चांगली, भाव मवाळ, यंत्र ठीक. मी घेईन तर तीनशे-चारशे यार्डांपर्यंतच्या शिकारीसाठी, आणि बिघडली तर गेली असं धरून.

दोन गोष्टी जाता जाता. सैनिकी वळणाच्या जुन्या दुर्बिणींत फुली मिल या कोनाच्या दुसऱ्या मापात आणि टरेट एमओएमध्ये अशी खिचडी असते. फुलीवर चूक मिलमध्ये दिसते आणि ती सुधारायची एमओएमध्ये, म्हणजे प्रत्येक वेळी मनात ३.४४ ने गुणा. आज सगळे एकाच मापात काम करतात, म्हणून अशा दुर्बिणींचा भाव पडलाय. ज्याला गुणाकाराचा कंटाळा नाही त्याला ही पर्वणी. दुसरी गोष्ट ट्रिटियमची. फुली उजळायला ट्रिटियम वापरलेल्या दुर्बिणीत तो प्रकाश दर बारा वर्षांत निम्मा होतो. पंचवीस वर्षांची दुर्बीण असेल तर एक चतुर्थांशच उरला. विक्रेता याला बहुधा ‘थोडी मंद’ म्हणतो.

लौकिक कसा तयार होतो, यावरही थोडं बोलायला हवं. चाळीस वर्षं टिकलेली वीव्हर आपल्याला दिसते. तिच्याबरोबर बनलेल्या आणि दहा वर्षांत बिघडलेल्या कचऱ्यात गेल्या, त्या कोणी दाखवत नाही. मग ‘तेव्हाच्या वस्तूच टिकाऊ’ असं ठरतं. सैन्याने वापरली म्हणून उत्तम, हाही तसाच तर्क. सैन्याकडे बदलायला दुसरी दुर्बीण असते आणि दुरुस्तीला माणूस. तुमच्याकडे एल्कच्या मोसमात दोन्ही नसतात. शिवाय ज्याने हजार डॉलर मोजले तो आपल्या वस्तूला नावं ठेवायला सहसा तयार नसतो.

आणि लांब पल्ला हाच योग्य आहे का, हाही प्रश्न आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने फार लांबून जनावर मारण्याला जाहीर विरोध केला आहे: त्या अंतरावर प्राण्याला स्वतःच्या इंद्रियांनी सावध होण्याची संधीच उरत नाही. मला हे पटतं. पाचशे यार्डांवर गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात हरीण एक पाऊल पुढे टाकतं. ज्या दुर्बिणीने सातशे यार्डांचा मोह पडतो तिच्यासाठी जास्त पैसे मोजणं, हे मला शिकारीचं कौशल्य वाटत नाही.

मग घ्यावी कोणती? तीनशे यार्डांच्या आतली शिकार असेल तर ल्यूपोल्ड व्हेरी-एक्स थ्री किंवा झाइस कॉन्क्वेस्ट, दोन्ही डोळे मिटून. टरेट फिरवायचाच असेल तर बुशनेल ‘३२००’ मालिकेची दहापट. वजन चालत असेल तर एनएक्सएस. डेन्व्हरची रेडफील्ड आणि अनर्टल भिंतीवरच्या कपाटात शोभतात. निकॉन सवलतीत मिळाली तर. बाकी कोणतीही, विक्रेता पुठ्ठ्यावर तपासू देत नसेल तर सांगितलेल्या भावाच्या निम्म्याहून वर जाऊ नका. भारतात परतताना ती बॅगेत टाकू नका. रायफल-दुर्बिणींवर अमेरिकेचे निर्यात-नियम लागतात. आणि घेतलीत तर चाचणी ऑगस्टमध्येच उरका. कोलोरॅडोत एल्कचा रायफल-मोसम ऑक्टोबरात उघडतो, आणि दुरुस्तीला पाठवलेली दुर्बीण परत यायला कित्येक आठवडे लागतात.